गरोदरपणात प्रतिकारशक्तीचं नेमकं काय होतं?

‘दिवस राहिले की बाईची प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की त्यावर कुणी थांबून विचार करत नाही. ते जसंच्या तसं खरं मानलं की दोन बाजूंनी नुकसान होतं. एकीकडे प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ गोळ्या आणि पावडरी सुरू होतात, ज्यांची गरज नसते. दुसरीकडे ‘शरीर आधीच नाजूक झालंय, आता लस नको’ म्हणून आईला आणि बाळाला वाचवणाऱ्या लशीच टाळल्या जातात.

प्रत्यक्षात गरोदर बाईच्या जखमा नेहमीसारख्या भरतात. लस दिली की तिच्या शरीरात प्रतिपिंडं (जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिनं) व्यवस्थित तयार होतात. बहुतेक जंतूंशी ती इतर कुणाहीइतकी चांगली झुंजते. बदलतं ते एवढंच की शरीरात कुठल्या जागी आणि कितव्या आठवड्यात कोणत्या पेशी पुढे येतात आणि कोणत्या मागे राहतात. हे वेळापत्रक ध्यानात आलं की ठरावीक आठवड्यातच लस का, ७२ तासांच्या आतच इंजेक्शन का, बाळंतपणानंतर सांधे अचानक का धरतात, हे सगळं आपोआप उलगडतं.

मुळातलं कोडं

एखाद्याला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर ते टिकवण्यासाठी जन्मभर औषधं घ्यावी लागतात. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांवरून टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतात. बाळाची निम्मी एचएलए वडिलांकडून आलेली, म्हणजे आईच्या दृष्टीने परकी. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन गर्भ तयार केला असेल तर सगळीच परकी असू शकतात. तरीही तो गर्भ कोणत्याही औषधाशिवाय नऊ महिने वाढतो.

१९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला आणि तीन शक्यता सांगितल्या. आई आणि बाळ यांच्यात भिंत असेल, बाळाच्या पेशी अजून इतक्या कच्च्या असतील की ओळखूच येत नाहीत, किंवा आईची प्रतिकारयंत्रणा सुस्तावली असेल. (मेडावर यांना पुढे १९६० साली बर्नेट यांच्यासोबत नोबेल मिळालं, ते प्रतिकारयंत्रणेच्या सहनशीलतेवरच्या कामासाठी.) या तिघांपैकी पहिली शक्यता अर्धी खरी निघाली, बाकीच्या दोन चुकीच्या. पण ‘प्रतिकारशक्ती कमी होते’ हा समज म्हणजे त्यातली तिसरीच शक्यता, आणि ती अजून लोकांच्या बोलण्यात टिकून आहे.

आईला बाळाची दखलच नसते असं मुळीच नाही. मुलं झालेल्या बऱ्याच स्त्रियांच्या रक्तात मुलांच्या वडिलांच्या एचएलएविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. अनेक रक्तपेढ्या अशा स्त्रियांचा प्लाझ्मा तपासल्याशिवाय रुग्णाला देत नाहीत, कारण ती प्रतिपिंडं घेणाऱ्याच्या फुप्फुसाला गंभीर इजा करू शकतात. म्हणजे आईच्या शरीराने बाळाला ओळखलेलं असतं, परकं म्हणून त्याची नोंदही केलेली असते. फक्त हल्ला केलेला नसतो. बाळाच्या काही पेशी तर वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि टिकतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलगा होऊन २७ वर्षं उलटलेल्या स्त्रीच्या रक्तात पुरुषी पेशी सापडल्या होत्या.

वारेच्या सीमेवर

हल्ला का होत नाही याचं मोठं उत्तर वारेत आहे. आईच्या रक्ताशी थेट संबंध येतो तो बाळाच्या अंगातल्या पेशींचा नाही, तर वारेच्या पेशींचा. या पेशी बाळाच्याच बाजूच्या असतात, पण त्यांची वागणूक इतर कोणत्याही पेशींसारखी नसते. त्या दोन प्रकारच्या असतात आणि दोघींची युक्ती वेगळी असते.

पहिला प्रकार म्हणजे वारेच्या फांद्यांवरचं बाहेरचं अस्तर. इथे असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड थर बनतो, मध्ये सांधे राहतच नाहीत. पूर्ण दिवसांच्या वारेत या थराचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटरहून जास्त असतं. आईचं रक्त सतत त्याला धुऊन जात असतं. या थरावर एचएलए जवळजवळ नसतातच, त्यामुळे टी-पेशींना ओळखायला काही मिळत नाही. सांधे नसल्याने जंतूंना दोन पेशींमधून घुसायला फटही मिळत नाही. रक्तातल्या पूरक प्रथिनांचा (परक्या पेशी फोडणाऱ्या प्रथिनांचा) मारा थोपवणारी प्रथिनं मात्र त्यावर भरपूर असतात.

दुसऱ्या प्रकारच्या पेशी या फांद्यांच्या टोकापासून निघून थेट गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात. त्यांना आईच्या ऊतीतून वाट काढायची असते, म्हणजे लपून भागत नाही. त्यांच्यावर टी-पेशींना चिथावणारी एचएलए-ए आणि एचएलए-बी नसतात. त्याऐवजी एचएलए-सी, एचएलए-ई आणि एचएलए-जी असतात. त्यातलं एचएलए-जी शरीरात इतरत्र क्वचितच दिसतं. आईच्या पेशींना ‘इथे मारायचं काही नाही’ असा निरोप ते देतं.

हा निरोप कोणाला मिळतो? इथे गोष्ट फार रंजक होते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या जवळपास ७० टक्के एनके पेशी असतात. एनके म्हणजे नैसर्गिक मारक पेशी. रक्तातल्या एनके पेशी विषाणूने बाधलेल्या पेशी खरोखर मारतात. गर्भाशयातल्या त्यांच्या बहिणी मात्र इथे बांधकामाला लागलेल्या असतात. वारेच्या पेशींचा निरोप मिळाला की त्या अशी रसायनं सोडतात ज्यांनी गर्भाशयातल्या पीळदार धमन्या सैल होतात. त्या धमन्यांच्या भिंतीतला स्नायू झिजतो, वारेच्या पेशी त्याची जागा घेतात आणि अरुंद नळीची कित्येक पट रुंद, आकुंचन न पावणारी वाट होते. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत हे काम उरकतं. बाळाला पुढचे महिने जे रक्त लागणार आहे ते याच वाटेने येतं.

म्हणजे गर्भ टिकण्यासाठी आईची प्रतिकारयंत्रणा गप्प बसणं पुरेसं नसतं. तिने हातभार लावावा लागतो. हा हातभार अपुरा पडला तर धमन्या अरुंदच राहतात, वारेला रक्त कमी आणि झटक्याने मिळतं. वार त्रासली की आईच्या रक्तात असे घटक सोडते की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. यालाच प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब ४ तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त भरणं आणि लघवीतून २४ तासांत ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रथिन जाणं ही त्याची नेहमीची खूण. आईच्या एनके पेशींवरचे ग्राहक (निरोप पकडणारी प्रथिनं) आणि बाळाचं एचएलए-सी यांची काही विशिष्ट जोडी जमली की हा धोका वाढतो, हे आता माहीत आहे. पहिलटकरणीत, आणि दुसऱ्या स्त्रीच्या बीजातून राहिलेल्या गरोदरपणात तो जास्त दिसतो, हेही याच चित्रात बसतं.

धोका जास्त असलेल्या स्त्रियांना (आधीच्या खेपेला हा त्रास झालेला, जुना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, किंवा ल्युपस म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा एक आजार) डॉक्टर रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात. ते १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करायचं, कारण धमन्यांचं काम तेव्हा चालू असतं. सातव्या महिन्यात रक्तदाब चढल्यावर ॲस्पिरिन सुरू करून फारसं काही साधत नाही. आणि ठणकणारं डोकं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं यातलं काही झालं तर पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

नियामक टी-पेशींचं काम थोडक्यात सांगतो. या पेशी इतर टी-पेशींना आवर घालतात. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच त्यांची संख्या वाढते आणि त्या गर्भाशयात गोळा होतात. वीर्यातून वडिलांच्या प्रथिनांची ओळख आधीपासून झालेली असणं त्याला मदत करतं, असं दिसतं. प्रीएक्लाम्पसिया आणि वारंवार होणाऱ्या गर्भपातांत त्या बऱ्याचदा कमी आढळतात.

नऊ महिन्यांत तीन वळणं

गर्भाशयातलं वातावरण सगळे महिने एकसारखं शांत नसतं. गर्भ रुजताना तिथे चक्क दाह असतो. अस्तर फोडून आत शिरायचं, मग दुरुस्ती करायची, या कामाला दाहाची रसायनं लागतात. बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर तो ओसरतो आणि बाळ भराभर वाढतं तो मधला मोठा काळ शांततेचा असतो. शेवटी पुन्हा दाह उसळतो. पांढऱ्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत आणि मुखाशी गर्दी करतात, प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं रसायन वाढतं, गर्भाशयमुख मऊ पडतं, कळा सुरू होतात. म्हणून मधल्या काळात वर चढलेला जंतुसंसर्ग इतका घातक ठरतो. शेवटी व्हायचा तो दाह तो फार आधी पेटवतो आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती होते. लक्षणं नसतानाही गरोदरपणाच्या सुरुवातीला लघवीचं कल्चर करतात त्यामागे हेच कारण आहे. मूत्रवाहिन्या सैल पडून लघवी तुंबते, जंतू मूत्रपिंडापर्यंत सहज चढतात.

रक्ताच्या रिपोर्टवर याचा परिणाम दिसतो आणि तिथे नेहमी गोंधळ होतो. एरवी पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ४ ते ११ हजार असतात. गरोदरपणात १५-१६ हजारांपर्यंतचा आकडा सामान्य असू शकतो, आणि कळा चालू असताना २५ हजारांच्या पुढेही जातो. ही वाढ मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींची असते. ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग, दाहाची एक तपासणी) तर वाढलेलाच असतो, कारण रक्तातलं फायब्रिनोजेन हे गोठण्याचं प्रथिन वाढलेलं असतं. त्यामुळे ताप नसलेल्या, बरं वाटणाऱ्या बाईला निव्वळ ‘काउंट १४ हजार’ म्हणून अँटिबायोटिक सुरू करणं चूक आहे. उलटही तितकंच खरं. ताप, पोटात दुखणं, नाडी जलद, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास असं काही असेल तर ‘गरोदरपणात काउंट वाढतोच’ म्हणून दुर्लक्ष करायचं नाही.

मग काही आजार जास्त का झोडपतात?

कारण प्रत्येक आजाराचं वेगळं आहे आणि ‘प्रतिकारशक्ती कमी’ हे त्यातल्या बहुतेकांचं उत्तर नाही.

फ्लू घ्या. लागण जास्त होते असं नाही, पण झाली की तीव्र होते. १९१८ आणि २००९ या दोन्ही साथींत गरोदर स्त्रियांचे मृत्यू ठळकपणे जास्त होते. छाती आणि पोट यांमधला वर सरकलेला पडदा, फुप्फुसाला कमी जागा, हृदयावर वाढलेला भार, ऑक्सिजनची वाढलेली गरज आणि विषाणूला मिळणारा बदललेला प्रतिसाद हे सगळं एकत्र येतं. फ्लूची शंका आली तर पहिल्या ४८ तासांत ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करण्याला म्हणूनच महत्त्व आहे. रिपोर्टसाठी थांबू नये.

हिपॅटायटिस ई ही पाण्यातून पसरणारी कावीळ. एरवी बहुतेक जण बरे होतात. शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पाणी उकळून पिणं हा इथे किरकोळ सल्ला उरत नाही.

लिस्टेरिया हा जंतू पेशीच्या आत शिरून राहतो, त्याला मारायला टी-पेशींचा जोर लागतो, आणि वारेशी नेमका तोच जोर आवरलेला असतो. गरोदर स्त्रीला ही लागण होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट धरतात. अस्तराच्या अखंड थरातून त्याला सहसा जाता येत नाही, तो भिंतीत शिरलेल्या पेशींच्या बाजूने वाट काढतो. न तापवलेलं दूध, त्यापासूनचं मऊ चीज, फ्रिजमधून काढून थेट खाल्लेलं तयार मांस यांतून तो येतो. चार अंश तापमानातही तो वाढतो, त्यामुळे ‘फ्रिजमध्ये होतं’ हे सुरक्षिततेचं कारण होत नाही. पुन्हा चांगलं गरम केलं की मरतो.

मलेरियाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ज्या भागात मलेरिया कायम असतो तिथल्या मोठ्या माणसांना त्याविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती आलेली असते. तरी पहिलटकरणीला तो पुन्हा जोरात होतो. फाल्सिपेरम परजीवी बाधित लाल पेशीवर एक खास प्रथिन उभं करतो आणि त्याच्या साह्याने वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाच्या पदार्थाला चिकटतो. वार हा अवयवच आधी नव्हता, त्यामुळे या रूपाविरुद्धची प्रतिपिंडंही तिच्याकडे नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत ती तयार होतात आणि त्रास कमी होत जातो. प्रतिकारशक्ती घटली असती तर प्रत्येक खेपेला सारखाच त्रास व्हायला हवा होता.

ताप मात्र कोणत्याही कारणाचा असो, अंगावर काढायचा नाही. पहिल्या आठवड्यांतला जास्त ताप स्वतःच गर्भाला त्रासदायक असतो. ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेनसारखी औषधं मनाने घ्यायची नाहीत, विशेषतः २० आठवड्यांनंतर. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

एकाच जातीचा उतारू नेणारा नावाडी

प्रतिपिंडांचे प्रकार अनेक, पण वारेतून पलीकडे जातो तो एकच: आयजीजी. अखंड थरातल्या पेशींत एक ग्राहक प्रथिन असतं. ते आयजीजीला शेपटाकडून धरतं, पेशीतून पार नेतं आणि बाळाच्या बाजूला सोडतं. नदीवरच्या नावाड्यासारखं त्याचं काम आहे. उतारूच्या अंगावरची खूण बघून तो होडीत घेतो, हा पलीकडे जाऊन भलं करणार की बुरं हे विचारत नाही. लेखाचा पुढचा बराचसा भाग या एका गोष्टीतून निघतो.

ही ने-आण साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होते, पण सुरुवातीला नाममात्र. २८ ते ३२ आठवड्यांत बाळाकडे आईच्या पातळीच्या निम्मं आयजीजी पोचतं. शेवटच्या चार आठवड्यांत वेग एवढा वाढतो की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त आयजीजी असतं. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला जंतुसंसर्ग सहज का होतो याचं एक कारण इथेच मिळतं. हे उसनं आयजीजी दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मं होत जातं आणि काही महिन्यांत संपतं. आयजीएम मात्र ओलांडत नाही. म्हणून नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्धचं आयजीएम मिळालं तर ते बाळाने स्वतः तयार केलेलं असतं, म्हणजे लागण पोटातच झाली असं डॉक्टर धरतात. आईच्या चिकातून आणि दुधातून येतं ते मुख्यतः आयजीए. ते बाळाच्या रक्तात जात नाही, आतड्याच्या अस्तरावर पहारा देतं.

आता लशींचं वेळापत्रक बघा. डांग्या खोकला दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मारतो आणि बाळाची स्वतःची लस साधारण सहाव्या-आठव्या आठवड्यात सुरू होते. मधली फट आईच्या आयजीजीनेच भरायची असते. त्यासाठी धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्रित लस प्रत्येक गरोदरपणात द्यायची. बऱ्याच ठिकाणी २७ ते ३६ आठवडे हा काळ धरतात, काही देशांत १६ आठवड्यांपासूनच देतात. लस दिल्यावर प्रतिपिंडं वर यायला सुमारे दोन आठवडे लागतात, मग ती पलीकडे जायला वेळ हवा. ३९ व्या आठवड्यात दिलेली लस आईला उपयोगी पडेल, बाळाला फारशी नाही. इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत ही लस गरोदर स्त्रियांना सुरू केली तेव्हा लहानग्या बाळांतल्या आजारापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळालं. ‘मागच्या बाळंतपणात घेतली होती’ हे पुरेसं नाही, कारण तोवर पातळी उतरलेली असते.

धनुर्वाताची लस आधी झालेलीच नसेल तर किमान ४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि दुसरी प्रसूतीच्या निदान दोन आठवडे आधी. फ्लूची इंजेक्शनची लस कोणत्याही महिन्यात चालते. आरएसव्ही या बाळांच्या फुप्फुसाला त्रास देणाऱ्या विषाणूविरुद्धची आईला द्यायची लस २०२३ पासून उपलब्ध झाली, ती देशानुसार २८ ते ३६ आठवड्यांत देतात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लशी मात्र गरोदरपणात देत नाहीत. त्या आधी घ्यायच्या आणि नंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. चुकून घेतली गेली तर घाबरून गर्भपात करून घ्यायचं कारण नाही, डॉक्टरांना सांगून नोंद ठेवायची.

आरएच निगेटिव्ह आई

नावाड्याची दुसरी बाजू इथे दिसते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह. प्रसूतीच्या वेळी वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईत मिसळतं. आईची यंत्रणा डी नावाचा अनोळखी घटक बघते आणि प्रतिपिंडं बनवायला घेते. पहिल्या वेळी ती हळू बनतात, सुरुवातीला आयजीएम असतात, आणि बाळ तर बाहेर आलेलं असतं. म्हणून पहिलं बाळ बहुतेकदा सुखरूप. पण स्मृती राहते. पुढच्या खेपेला डी पुन्हा दिसताच आयजीजी भराभर तयार होतं, नावाडी ते पलीकडे नेतो आणि बाळाच्या लाल पेशी फुटू लागतात. रक्तक्षय, अंगावर पाणी चढणं, कधी पोटातच मृत्यू, जन्मल्यावर तीव्र कावीळ.

हे टाळायचा उपाय १९६८ पासून वापरात आहे. आईला बाहेरून अँटी-डी, म्हणजे डीविरुद्धची तयार प्रतिपिंडं, दिलं की बाळाच्या भटक्या लाल पेशी तिच्या यंत्रणेला नीट ओळखता येण्याआधीच साफ होतात. काहीच न दिल्यास अशा सुमारे १६ टक्के स्त्रियांत प्रतिपिंडं तयार होत. प्रसूतीनंतर अँटी-डी दिल्याने ते प्रमाण दीड-दोन टक्क्यांवर आलं. २८ व्या आठवड्यातल्या मात्रेमुळे ते आणखी घसरून हजारी एक ते तीन झालं.

क्रम असा. पहिल्याच तपासणीत रक्तगट आणि इनडायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट (आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी). २८ व्या आठवड्यात ती टेस्ट पुन्हा, आणि निगेटिव्ह आली की ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी. प्रसूतीनंतर बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत पुन्हा ३०० मायक्रोग्रॅम. एवढी मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. वार हाताने काढावी लागली, पोटाला मार लागला, रक्तस्राव जास्त झाला तर किती रक्त मिसळलं ते तपासून मात्रा वाढवावी लागू शकते. ७२ तास हुकले तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. दहा दिवसांपर्यंत दिलं तरी काही फायदा होतो.

चुकतं कुठे? गर्भपात, गर्भनलिकेतला गर्भ, गर्भजल काढून केलेली तपासणी, पोटावर पडणं, मधेच रक्तस्राव या प्रसंगी बहुतेक वेळा अँटी-डी लागतं आणि ते विसरलं जातं. फार लवकरच्या गर्भपातात ते लागतंच का, याबद्दल वेगवेगळ्या मार्गदर्शिका वेगळं सांगतात, पण डॉक्टरांना विचारलं तरी पाहिजे. दुसरी एक गफलत: २८ व्या आठवड्यात अँटी-डी दिल्यावर काही आठवड्यांनी कूम्ब्ज टेस्ट केली तर दिलेल्या इंजेक्शनमुळेच ती किंचित पॉझिटिव्ह येऊ शकते. इंजेक्शनची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेली असली की पुढचा सगळा घोळ टळतो. आणि एकदा आईची स्वतःची प्रतिपिंडं खरोखर तयार झाली की अँटी-डीचा उपयोग संपतो. मग त्यांची पातळी मोजत राहणं आणि सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूतल्या धमनीतला रक्ताचा वेग बघून रक्तक्षयाचा अंदाज घेणं हा मार्ग उरतो.

आधीपासून स्वप्रतिकार आजार असेल तर

स्वप्रतिकार आजारांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. त्यांतला आमवाती संधिवात गरोदरपणात बऱ्याच जणींत निवळतो. अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३८ साली ही नोंद केली होती, आणि शरीर स्वतःच तयार करत असलेल्या अशा एखाद्या पदार्थाच्या शोधातूनच पुढे कॉर्टिझोनचा उपचार आला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातही तसंच. १९९८ सालच्या मोठ्या युरोपीय अभ्यासात वर्षाला सरासरी ०.७ झटके येणाऱ्या स्त्रियांत शेवटच्या तिमाहीत ते प्रमाण ०.२ वर उतरलं आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर चढलं. उतार आणि उसळी, दोन्हींची तयारी ठेवायची. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सगळी औषधं मनाने बंद करणं घातक ठरतं.

ल्युपसचं वागणं वेगळं. तो गरोदरपणात उसळू शकतो. आजार निदान सहा महिने शांत असताना दिवस राहिले तर निकाल कितीतरी चांगले येतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवायचं असतं. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड ही औषधं आधीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घ्यायची. अँटी-रो प्रतिपिंडं (ल्युपससारख्या आजारांत दिसणारी, स्वतःच्याच पेशींविरुद्धची) असतील तर नावाडी तीही नेतो. अशा सुमारे २ टक्के बाळांत हृदयाची विद्युतवाट बाधित होऊन ठोके फार मंदावतात, बहुधा १८ ते २४ आठवड्यांच्या सुमारास. त्या काळात बाळाच्या हृदयाची तपासणी लावून घ्यावी. ग्रेव्हज आजारात (प्रतिपिंडं थायरॉइडला जास्त काम करायला लावतात तो) थायरॉइड काढून टाकलेलं असलं तरी प्रतिपिंडं रक्तात असू शकतात आणि बाळाचं थायरॉइड चेतवू शकतात. डॉक्टरांना हा जुना इतिहास न सांगणं ही नेहमी घडणारी चूक.

वारंवार गर्भपात आणि ‘एनके टेस्ट’

याबद्दल ठामपणे लिहायला हवं, कारण आधीच खचलेल्या जोडप्यांचा इथे फार पैसा आणि काळ जातो. हातातून रक्त काढून एनके पेशी मोजल्या आणि त्या ‘जास्त’ आल्या म्हणून गर्भ टिकत नाही, असं निदान केलं जातं. वर पाहिलंच की रक्तातल्या एनके पेशी आणि गर्भाशयातल्या एनके पेशी स्वभावाने वेगळ्या आहेत. रक्तातल्या आकड्यावरून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचणं, इंट्रालिपिड (शिरेतून दिलं जाणारं तेलाचं मिश्रण), इम्युनोग्लोब्युलिनची सलाइनं यांचा सिद्ध फायदा नाही. पांढऱ्या पेशी टोचण्याच्या उपचारावर तर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ सालीच संशोधनाबाहेर वापरू नये अशी मर्यादा घातली.

ज्याची तपासणी नक्की करावी असं एक प्रतिकारजन्य कारण आहे: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या करणारी प्रतिपिंडं असण्याचा आजार. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन या तीन तपासण्या करायच्या. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा, कारण साध्या तापानंतरही त्या तात्पुरत्या पॉझिटिव्ह येतात. दोन्ही वेळा आल्या तरच निदान पक्कं. मग कमी मात्रेचं ॲस्पिरिन आणि हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिल्याने बाळ हाती लागण्याची शक्यता चांगली वाढते.

बाळंतपणानंतर

वार बाहेर पडताच संप्रेरकं कोसळतात आणि आवरून धरलेली यंत्रणा काही आठवड्यांत मोकळी होते. संधिवाताची उसळी बहुधा पहिल्या तीन महिन्यांत येते. ५ ते १० टक्के स्त्रियांत पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, चिडचिड, वजन घटणं, मग उलट थकवा, केस गळणं, उदासी. जागरणावर आणि दूध पाजण्यावर ढकलून हे सोडून देतात. एक टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुरेशी असते.

रुबेला किंवा कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नसेल तर त्या लशी आता, दवाखान्यातून घरी जाण्याआधीच घेता येतात, अंगावर पाजत असलं तरी. अँटी-डी घेतलेल्या आईला रुबेलाची लस दिली असेल तर तीन महिन्यांनी प्रतिपिंडं तयार झाली का ते तपासावं, कारण इंजेक्शनमुळे लस कधी कधी लागू पडत नाही.

आणि एक गोष्ट बाळाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगायची. संधिवात, आतड्याचा दाह, सोरायसिस यांसाठी दिली जाणारी इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब यांसारखी औषधं स्वतःच आयजीजी असतात. नावाडी त्यांनाही पलीकडे नेतो आणि ती बाळाच्या रक्तात महिनोन्महिने राहतात. (सर्टोलिझुमॅबला ते शेपूट नसल्यामुळे ते जवळजवळ ओलांडत नाही, म्हणून गरोदरपणात त्याला पसंती असते.) पोटात असताना इन्फ्लिक्सिमॅब पोचलेल्या एका बाळाला बीसीजी (क्षयाची लस) दिल्यावर त्या लशीतलेच जंतू अंगभर पसरून ते दगावल्याची नोंद आहे. अशा बाळांना बीसीजी आणि रोटाव्हायरससारख्या जिवंत लशी पहिले सहा महिने, इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत बारा महिन्यांपर्यंत, लांबवण्याचा सल्ला देतात. बाकीच्या लशी वेळेवरच. बीसीजी बऱ्याच ठिकाणी जन्मल्या दिवशीच टोचतात. म्हणून औषधाचं नाव आणि शेवटच्या मात्रेची तारीख बाळाच्या कागदावर कळा सुरू होण्याआधीच लिहून ठेवायची.